मीठ घालण्याआधी

पांढऱ्या सॉसच्या पुन्हा गुठळ्या झाल्या. शिवणवाल्या बाईंनी पळी ओट्यावर आपटली आणि मोबाइलवर पाककृती सांगणाऱ्या हसऱ्या पोरीला सुनावलं, "तुला काय जातंय बोलायला! म्हणे अलगद ढवळा. अलगद ढवळून माझा खांदा निखळायची वेळ आली."

पोरगी आपली हसतच होती. बाईंनी तो गिचगोळा बाजूला सारला आणि नव्याने लोणी-मैदा भाजायला घेतला. दुपारी जेवायला लेक येणार होती, आणि तिचं आजचं येणं साधं नव्हतं.

नवरा गेल्यापासून बाई चहा-टोस्टवर दिवस ढकलत होत्या. मशीन चालू होतं, गिऱ्हाइकांशी हुज्जत चालू होती, जेवण तेवढं बंद पडलं होतं. दुसऱ्यांचे कपडे आत घेणाऱ्या बाईंना स्वतःचेच कपडे आत घ्यावे लागले. लेकीच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिने फोनवर निक्षून सांगितलं, "रविवारी येतेय. माझ्यासमोर ताटभर जेवलीस तर राहा तिथे. नाहीतर बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं. घर देऊन टाकू भाड्याने. आता तुझं काही ऐकणार नाही मी."

बाईंना हे घर सोडायचं नव्हतं. इथे खिडकीपाशी त्यांचं मशीन होतं आणि पलंगाखाली मेकॅनिक नवऱ्याची पान्यांची पेटी होती. पण नेहमीचं काही रांधलं की पहिलाच घास घशात अडकायचा. सगळेच पदार्थ नवऱ्याच्या आवडीचे. म्हणून बाईंनी ठरवलं, आपल्या मेकॅनिकने जन्मात पाहिला नसेल असा पदार्थ करायचा. दुधाच्या सॉसमधले मशरूम आणि गाजरं! त्यात आठवणींना शिरायला जागाच नको.

तिसऱ्या खेपेला सॉस जमला. लेक आली तेव्हा घरभर खमंग वास होता. तिने हातातली मोठी रिकामी कापडी बॅग दाराशी ठेवली, पण तोंडभर हसली. "काय गं, हॉटेल काढलंस की काय?"

"आधी खा, मग बोल."

लेकीने पावाचा तुकडा बुडवून खाल्ला. "आई, भन्नाट झालंय!"

बाईंनीही घास घेतला. चव छान होती. पण घास तोंडात नुसता फिरत राहिला. त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर तो उतरवला आणि मग चमच्याने गाजरं इकडून तिकडे करत बसल्या. लेक सगळं बघत होती. ती आणखी वाढून घ्यायला ओट्याकडे गेली.

"आई, हे काय झाकून ठेवलंयस?"

तिच्या हातात चेपक्या झाकणाची वाटी होती. बाई चमकल्या. ही कधी काढली आपण?

मेकॅनिकच्या हृदयाने कुरकुर सुरू केली तेव्हा डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलं होतं. लेक लग्न होऊन गेली त्यानंतरची गोष्ट. तेव्हापासून पातेल्यात मीठ घालण्याआधी त्यांच्यापुरतं या वाटीत काढून ठेवायचं, हे बाईंच्या हाताला इतकं बसलं होतं की आज नव्या पदार्थातही हाताने गुपचूप वाटी भरली होती. बाईंना पत्ता नव्हता.

"बाबांचं?" लेकीने हळूच विचारलं.

"मेली सवय गं."

लेकीने त्यातलं चमचाभर तोंडात टाकलं आणि तिचा चेहरा वाकडा झाला. "शी! किती अळणी!"

"बघू, आण इकडे."

बाईंनी चाखलं. जिभेवर मैद्याचा चिकटा तेवढा आला. त्या चमचा हातात धरून बसून राहिल्या. या वाटीतलं त्यांनी कधी चाखलंच नव्हतं. चव बघायची ती पातेल्यातली, वाटी सरळ मेकॅनिकच्या पानात. आणि ते रोज ती चाटूनपुसून म्हणायचे, "आज मस्त जमलंय हं." बाईंना ते खरं वाटायचं. एकदा तर त्या तोऱ्यात म्हणाल्या होत्या, "बघा, माझ्या हाताला मिठाची गरजच नाही!" मेकॅनिक नुसते हसले होते.

"लबाड," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. ते गेले त्या दिवशी आलेल्या-गेलेल्यांचा चहा बघता बघता राहून गेलेलं रडू होतं ते. लेकीने त्यांना पोटाशी धरलं. बऱ्याच वेळाने बाईंनी डोळे पुसले आणि वाटी पुढे ओढली.

"थांब, मीठ घालते," लेक म्हणाली.

बाईंनी वाटीवर हात आडवा धरला. "राहू दे."

त्या सावकाश खाऊ लागल्या. एकेक घास अळणी होता आणि एकेक घास खाली उतरत होता. लेकीने डोळ्यांच्या कडा टिपल्या, दाराशी जाऊन बॅगेची घडी घातली आणि ती आपल्या पर्समध्ये कोंबली.

"जातंय का गं?" तिने तिथूनच विचारलं.

बाईंनी वाटीच्या कडेचं पावाने निपटून घेतलं.

"मस्त जमलंय हं," त्या म्हणाल्या.