अंगाबरोबर

बाजारातल्या त्या गल्लीत शिवणाचं दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत. त्यांच्या हातचा कपडा ढगळ बसला असं कुणी म्हणून दाखवावं! आणि दुकानाची खरी पाटी म्हणजे त्यांची लेक. काउंटरमागे बसून हुक-बटणं लावायची. तिच्या अंगावरचा ड्रेस बघून गिऱ्हाईक म्हणायचं, "मला अगदी अस्साच बसायला हवा."

"आई, हा जरा सैल होतोय गं," असं लेक मधूनमधून म्हणायची. मास्तरीणबाई ड्रेस उलटा करायच्या, दोन्ही कुशींना आतून शिलाई मारायच्या आणि उरलेलं कापड कात्रीने छाटून टाकायच्या. गिऱ्हाइकाच्या कपड्यात त्या आत जादा कापडाची माया ठेवत, उद्या अंग सुटलं तर उसवता यावं म्हणून. लेकीच्या कपड्यात कशाला? लेक तर डोळ्यांसमोरच होती. शिवाय घरचा कपडा आतूनही बाहेरच्यासारखा सुबक दिसावा, ही त्यांची हौस.

झालं असं, की पोर झिजत गेली आणि कपडे तिच्या मागोमाग आत येत गेले. बघणाऱ्याला काही दिसेचना. उलट शेजारणी म्हणायच्या, "काय गं, खातेस तरी काय? आम्हालाही सांग." ती हसायची. घरी "मैत्रिणीकडे खाल्लं", दुकानात "घरूनच जेवून आले". आई उभ्याउभ्या, गळ्यात टेप तशीच ठेवून, पातेल्यातलंच दोन घास खाणारी. कुणाचं ताट कुणी बघायचं?

मग एका दुपारी लेक फळीवरचा तागा काढायला गेली आणि ताग्यासकट खाली आली.

"कधीपासून अशी उतरत चाललीय ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"उतरली कुठे? कपडे तर अजून अंगाबरोबर..." मास्तरीणबाईंनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "हट्ट नाही, नखरा नाही. आजार आहे. तो हिच्याच आवाजात बोलतो म्हणून ओळखू येत नाही. उपाशी राहिली की म्हणतो जिंकलीस, खाल्लं की म्हणतो हरलीस. हृदय दमलंय हिचं. पुढच्या तपासणीपर्यंत नाडी सुधारली नाही, तर दवाखान्यात ठेवून घेईन."

"मला घरी राहायचंय," लेक भिंतीकडे बघत म्हणाली.

"मग घरी जेवावं लागेल. आमच्या समुपदेशक बाईंकडेही दर आठवड्याला यायचं, मनातलं बोलायला. आणि आई, तुम्ही शेजारी बसायचं. शपथा घालायच्या नाहीत, वजनाचं नाव काढायचं नाही. ताट पुढे ठेवायचं आणि उठायचं नाही."

पहिल्याच जेवणाला मास्तरीणबाईंनी सगळे नियम मोडले. "माझी शपथ आहे तुला," झालं. "माझं मेलेलं तोंड बघशील," झालं. शेवटी टेबलावर डोकं टेकून रडल्या. लेकीने चमचा खाली ठेवला.

त्या देवापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "तूच भरव रे बाबा हिला. माझ्याच्यानं होत नाही." हात जोडलेले असतानाच त्यांना स्वतःची लाज वाटली. देव ऐकतो, सगळं ऐकतो. पण ताट वाढायला खाली उतरत नाही. ती सेवा ज्याची त्याने करायची. डोळे पुसून त्या वळल्या, त्या कंबर कसूनच.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या वेळी दुकानाचं शटर खाली. दुकानामागच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या, पडद्याआड स्वयंपाकाचा ओटा. भात, उकडलेलं अंडं, दूध, केळं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेवढं, ना कमी ना जास्त. बाहेरून कुणीतरी शटर बडवायचं.

"अहो, माझा कोट!"

"कोट नंतर. आत्ता जेवण."

"एवढं काय जेवता हो?"

"पोटभर!"

लेक चिडायची. "अशी काय बघतेस? पोलीस आहेस?"

"जेवायला बसलेय."

"तू? तू कधी बसून जेवलीस? उभ्याने पातेलं खरवडतेस नुसती."

हे बोलणं लागलं, कारण खरं होतं. मास्तरीणबाईंनी स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि त्या दिवसापासून दोघींची ताटं समोरासमोर आली.

घास सोपा नव्हताच. लेक एकेक शीत वेगळं करायची. कपाळावर घाम यायचा. एकदा चमचा हवेत धरून म्हणाली, "ती म्हणतेय, एवढ्याने फुगशील."

"ती कोण?"

"डोक्यातली."

मास्तरीणबाईंनी घास गिळला. "तिला सांग, आधी माझ्याशी बोल म्हणावं. मी गिऱ्हाइकांशी वाद घालून पोट भरणारी बाई आहे."

लेकीला हसू फुटलं. हसता हसता चमचा तोंडात गेला. आई भांड्यातलं पाणी पीत राहिली.

मध्येच मामा येऊन गेला. दारातूनच ओरडला, "काय ढब्बू! म्हटलं आमची ढब्बू आजारी कशी?" लहानपणी लेक गुटगुटीत होती, तेव्हापासूनचं हे त्याचं नाव.

"दादा, ते नाव आजपासून बंद," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"अगं, लाडाने म्हणतो!"

"लाड कर. पण अंगाला सोडून."

मामा ओशाळून खुर्चीत टेकला. "मग काय, महाराणीसाहेब म्हणू?"

"चालेल," लेक म्हणाली. "आणि खुर्ची सोडा. ती महाराणींची आहे."

तपासणी झाली. नाडी सुधारली होती. "घरीच राहू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आता अवघड भाग येईल. सांभाळा."

तो आला पिवळ्या ड्रेसच्या रूपाने. लेकीचा आवडता. एका सकाळी चेन अर्ध्यावर अडकली. ती आरशासमोर उभी, चेहरा पांढराफटक. "आई, उसव. लगेच."

मास्तरीणबाईंनी ड्रेस उलटा केला. कुशी आतून सुबक होत्या. उसवायला दोराभरही कापड नव्हतं.

"नाही गं होणार. मीच छाटून टाकलंय."

"मग राहू दे," लेक अगदी शांतपणे म्हणाली. "मीच बसेन त्यात पुन्हा. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

तो आवाज लेकीचाच होता आणि लेकीचा नव्हता. मास्तरीणबाईंनी ड्रेस टेबलावर पसरला आणि गळ्यापासून घेरापर्यंत सरळ कात्री चालवली.

"आई! माझा आवडता होता तो!"

"माझाही होता." कात्री थांबली नाही. "कपडा अंगाला बसवायचा असतो. जगाला हे सांगत आले आणि घरात उलटं करत राहिले. चुकले मी. नवा शिवू. टेप लावणार नाही, नजरेने बेतू, ऐसपैस. पण आधी जेवण."

लेक आईचा जुना गाऊन घालून टेबलाशी बसली. शटर खाली होतं. तिने ताटाला हात लावला नाही. बराच वेळ गेला. भातावरची वाफ विरली.

"खूप ओरडतेय ती आज."

"ओरडू दे. मी बसलेय."

बाहेर कुणीतरी कोट, कोट करून निघून गेलं. मग लेक अचानक ताट घेऊन उठली आणि स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेली. मास्तरीणबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. तिथेच कचऱ्याचा डबा होता. मागे जावं? ओरडावं? उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. त्या उठल्या नाहीत. मनात देवाचं नाव घेत राहिल्या.

काडी ओढल्याचा आवाज आला. गॅस भुस्सकन पेटला. पातेलं ठेवल्याचा, मग उलथनं फिरल्याचा आवाज.

लेक परत आली. ताटातून वाफ येत होती. खुर्ची ओढून बसली, घासावर फुंकर घातली आणि खाल्लं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण जबडा चालत होता. दुसरा घास. तिसरा.

"बघत काय बसलीस?" भरल्या तोंडाने ती म्हणाली. "तुझाही गार झालाय. आण इकडे, गरम करते."