बाहीचा फाऊल

नालुले गुडघे टेकून बसली आणि तिने भावाला विचारलं, "दादा, दिवस कसा गेला?"

कासुजा ओट्यावरच्या पूल टेबलापाशी क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला निळा खडू घासत होता. त्याने मान वर केली नाही. बहीण गुडघ्यावर असताना उत्तर न देणं म्हणजे आमच्याकडे चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखंच. ओट्यावर शेंगदाणे खात बसलेल्या चौघांचे जबडे थांबले. दुकानाच्या खिडकीतून नाम्पीमा मावशी म्हणाली, "अरे, बोल की तिच्याशी! जिभेला काय लकवा मारलाय?"

"ती माझ्याशी बोलायला आलेली नाही, मावशी. काखेत काय आहे बघ तिच्या."

काखेत कोंबडा होता. तांबडा, तुरेदार, पाय सुतळीने बांधलेला. नालुलेने सणासुदीचा पोशाख घातला होता, खांद्यांना उभी टोकं असलेली पायघोळ गोमेसी आणि कमरेला रुंद रेशमी पट्टा. पट्ट्याची टोकं पुढे गुडघ्यापर्यंत लोंबत होती. अशा थाटात आणि असा कोंबडा घेऊन बाई भावाच्या दारात का येते, ते क्योटेरा रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मुलीला मागणी घालणारा तिच्या भावाच्या हातात कोंबडा देतो, भाऊ तो दोन्ही हातांनी घेतो, तेव्हा कुठे मुलगी दिली असं होतं. बाकी सगळं देणंघेणं झालं आणि कोंबडा राहिला, तर लग्न राहिलं.

आणि कासुजा तीन वर्षं तो कोंबडा घेत नव्हता. काका तयार होते, आत्या तयार होती. मधल्या काळात दोन कोंबडे म्हातारे होऊन रश्श्यात गेले. हा तिसरा.

कारण काय म्हणाल, तर एक बाही. हसू नका. चार वर्षांपूर्वी मसाका शहरातल्या हॉलमध्ये कासुजा स्पर्धेचा शेवटचा सामना खेळत होता, समोर म्वान्जे नावाचा तरुण होता. एका लांबच्या बॉलसाठी म्वान्जे टेबलावर आडवा झाला आणि त्याच्या सैल शर्टाची बाही कासुजाच्या पिवळ्या बॉलला लागली. कपडा बॉलला लागला की फाऊल. कासुजाने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पंच म्हणाला, मला दिसलं नाही. म्वान्जे म्हणाला, लागलीच नाही. कासुजा हरला. त्या दिवसापासून तो मसाकाला गेला नाही, आणि सहा महिन्यांनी त्याच म्वान्जेने त्याच्या बहिणीशी सूत जमवलं. कासुजाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

"स्वतःचा फाऊल लपवणारा माणूस घरात काय काय लपवील?" हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

"त्याने शपथ घेतलीय, बाही लागली नव्हती," हे नालुलेचं. किती वेळा म्हणाली असेल, देव जाणे. आईजवळ म्हणाली, आत्याजवळ म्हणाली, शेजारणींजवळ भांडून भांडून म्हणाली.

आज ती गुडघ्यांवरून उठली आणि तिने कोंबडा ओट्याच्या खांबाला बांधला.

"घे म्हणायला नाही आणला. तुझ्याशी खेळायला आलेय. मी जिंकले तर तू हा घ्यायचा, दोन्ही हातांनी. हरले तर पुन्हा नाव काढणार नाही."

"ह्या कपड्यांत खेळणार? मग खाली वाकूच नकोस, बाई. झेंडा लावल्यासारखी उभी राहा टेबलाशी."

"तूच शिकवलंयस. बघू काय शिकवलंयस ते."

शिकवलं होतंच. बिअरचं रिकामं खोकं पालथं घालून त्याने तिला त्यावर उभं केलं होतं, तेव्हा ती टेबलाच्या कडेला हनुवटी टेकेल एवढी होती. पांढरा बॉल पॉकेटात गेला, तर दुसऱ्याला दोन संधी. आधी दुसऱ्याच्या बॉलला लागला, तरी दोन. दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, कपडा लागला, केस लागले, तरी दोन. आणि काळ्या बॉलवर फाऊल केलास, तर डाव गेला, मग रडत बस. जिंकला तो टेबलावर राहतो, हरला तो उतरतो. शेवटचा नियम फक्त ह्या ओट्यावरचा होता आणि तो कासुजाचा होता. इथे पंच नाही. ज्याचं लागलं, त्याने स्वतः बोलायचं. मसाकाहून परतल्यावर तर तो हा नियम पोरांकडून पाढ्यासारखा म्हणून घ्यायचा.

"लाव बॉल," कासुजा म्हणाला.

रस्त्यापलीकडे फणसाखाली म्वान्जे मोटरसायकलवर बसला होता. ओट्यावर यायची त्याला बंदी होती. तो तिथूनच ओरडला, "घाबरू नको गं! म्हातारा झालाय तो!"

"बायकोच्या घरात राहणाऱ्याने जरा हळू ओरडावं," कासुजा कुणाकडेही न बघता म्हणाला, आणि चौघे शेंगदाणेवाले खो खो हसले. म्वान्जे नालुलेच्याच घरात राहत होता, हे खरं होतं. तिच्या वेण्या घालायच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. आमच्याकडे अशा पुरुषाला कोणी पाणी विचारत नाही.

डाव सुरू झाला. नालुलेचे लाल, कासुजाचे पिवळे. तो एकेका मारानंतर मुद्दाम वाट अडवून उभा राहायचा. ती वाकली की विचारायचा, "पाय जमिनीवर आहेत ना?" ती निशाणा धरायची, तेव्हा हा खाकरायचा. तिने दात आवळून घेतले. तिला तो हरायला हवा होता, नुसता हरायला नव्हे, सगळ्यांसमोर तोंडावर पडायला हवा होता.

कारण लग्नाहून मोठी एक गोष्ट तिच्या पोटात जळत होती. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. केळीच्या बागेत, घराण्याच्या जागेत त्यांना माती दिली. म्वान्जे जावई नव्हता, म्हणून कासुजाने त्याला कुंपणापाशी अडवलं. "तू एकटी ये," तो बहिणीला म्हणाला. ती म्हणाली, "हा नाही तर मीही नाही." आणि ती खरोखर बाहेर उभी राहिली. बाबांना झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून उतरवलेलं तिने कुंपणाच्या फटीतून पाहिलं. मूठभर माती टाकायची तिची पाळी आली आणि गेली. त्यानंतर तिने त्या बागेत पाऊल टाकलं नाही. येईन तर नवऱ्याबरोबर ताठ मानेने येईन, असं ती म्हणाली होती. आता कळलं ना, कोंबडा कशासाठी होता?

कासुजाचे दोन पिवळे उरले, तेव्हा तिचे लाल संपले. त्या दोन पिवळ्यांतला एक तिनेच मघाशी ढकलून आपल्या बाजूच्या कडेला चिकटवून ठेवला होता, त्याला मारता येऊ नये म्हणून. आता तिचा फक्त काळा राहिला, तो पडला की डाव तिचा. तो टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला होता आणि पांढरा बॉल मधोमध.

"पलीकडचं डावं," तिने पॉकेट सांगितलं.

कासुजा त्याच पॉकेटाशी जाऊन उभा राहिला, हाताची घडी घालून. ती कडेवर पोट टेकवून लांब झाली. एक टाच उचलली, दुसरा पाय जमिनीवर ठेवला. ओट्यावर कोणी चावत नव्हतं. मागून पावलं वाजली. म्वान्जेला राहवलं नव्हतं, तो रस्ता ओलांडून थेट तिच्या पाठीशी आला होता. कासुजाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याचे डोळे काळ्यावर होते.

तिने मारला.

काळा सरळ गेला आणि आत पडला. नाम्पीमा मावशी खिडकीतून किंचाळली. चौघांनी शेंगदाण्याची टरफलं हवेत उडवली. नालुले हसत सरळ झाली, पट्टा नीट करायला हात खाली नेला, आणि तिचं हसू जागच्या जागी राहिलं.

कडेला चिकटलेला पिवळा आता चिकटलेला नव्हता. बॉल आणि कड यांच्यामध्ये हिरव्या कापडाची बोटभर फट होती. पट्ट्याचं टोक त्याच्या बाजूलाच टेबलावर लोळत होतं.

कासुजाने क्यू भिंतीला टेकवला. चेहरा काळाठिक्कर पडला होता, पण तो शब्दाचा पक्का होता. "ठीक आहे," एवढंच म्हणाला आणि हात धुवायला पाण्याच्या कॅनकडे वळला. कोंबडा खडूच्या हातांनी घेत नाहीत.

म्वान्जेने मागून तिचा दंड धरला. "पिवळा हलला," तो कानाशी कुजबुजला. "मी पाहिलं. तू बोलू नकोस."

"तू पाहिलंस?"

"मी पाहिलं म्हणून काय झालं? त्याने नाही ना पाहिलं. न दिसलेला फाऊल फाऊल नसतो, वेडाबाई. मसाकाला तरी कुणाला दिसला होता?"

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता. लाज नाही, चोरटेपणा नाही. बाजारातून बरा सौदा करून आल्यासारखा तो हसत होता.

"मसाकाला," ती म्हणाली.

"आता जुनं कशाला उकरतेस? तिथे तुझा दादा जिंकला असता, तर तू माझ्याकडे वळून तरी पाहिलं असतंस का? चांगलंच झालं की."

तीन वर्षं ती त्या बाहीसाठी जगाशी भांडली होती. आईशी अबोला धरला होता. बापाच्या मातीला बाहेर राहिली होती. आणि ह्या माणसाने रोज तिच्या ताटातलं जेवून, तिला भांडताना ऐकून, एकदाही तोंड उघडलं नव्हतं. तिला त्याचा राग आला नाही, किळस आली. त्याचा हात तिने दंडावरून झटकला.

कासुजा हात पुसत आला. त्याने खांबाची गाठ सोडली, कोंबडा उचलला आणि तिच्याकडे दिला, म्हणजे तिने तो म्वान्जेकडे द्यावा आणि म्वान्जेने त्याला. "चला, उरकून टाका," तो म्हणाला. "घेतो दोन्ही हातांनी."

"घेऊ नकोस, दादा. फाऊल झाला."

"काय?"

"माझा पट्टा पिवळ्याला लागला. काळ्यावर फाऊल, डाव गेला. तू जिंकलास."

"मूर्ख! मूर्ख बाई!" म्वान्जे ओरडला. "तोंडाशी आलेला घास..."

"आणि मसाकाला ह्याची बाही लागली होती," नालुले म्हणाली. ती मोठ्याने म्हणाली, खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशी. "आत्ता स्वतःच्या तोंडाने सांगितलं त्याने. तुझं पिशवीतलं सामान संध्याकाळी दाराबाहेर असेल, म्वान्जे. येऊन घेऊन जा. दार वाजवू नकोस."

म्वान्जे काहीतरी बोलायला गेला. ओट्यावरचे चौघे एकदम उठून उभे राहिले, तेव्हा तो दोन पायऱ्या मागे उतरला.

कासुजाला मात्र आनंद मावेना. दोन्ही हात वर करून तो गरागरा फिरला. "ऐकलंत? ऐकलं ना सगळ्यांनी? चार वर्षं मला येडा ठरवलंत! मावशी, तू म्हणत होतीस ना, मनाचे खेळ आहेत म्हणून? आता बोल!" मग त्याला बहिणीची आठवण झाली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. चल घरी. तुझी वहिनी केळी शिजवतेय. मी सांगत होतो की नाही तुला?"

"सांगत होतास."

"मग?"

"मग काय? ह्याने खोटं सांगितलं म्हणून मी बाबांच्या मातीला बाहेर राहिले. आणि तू खरं बोलत होतास, तरी एका बाहीपायी मला बाहेर ठेवलंस. तो तिथे उभा राहिला असता, तर बाबांचं काय बिघडणार होतं? ते तर गेले होते."

"मी तुला अडवलं नव्हतं, नालुले. त्याला अडवलं होतं."

"तू हरला होतास, दादा. त्याचा सूड तू मसाकाला नाही घेतलास, तिथे तुझं काही चाललं नाही. माझ्यावर घेतलास."

कासुजाचा हात तिच्या खांद्यावरून खाली आला. कोणीतरी घसा खाकरला, आणि खिडकीत मावशीने मान फिरवली.

नालुलेने कोंबडा काखेत मारला. "जिंकणारा टेबलावर राहतो. हाच नियम ना तुझा? राहा मग."

ती ओटा उतरली. म्वान्जेच्या मोटरसायकलला वळसा घालून, आपल्या दुकानाकडे न जाता, ती केळीच्या बागेच्या वाटेला लागली. मागून कुणी आलं नाही. कोंबडा पट्ट्याच्या टोकाला चोच मारत होता. रेशमाचे दोन धागे निघाले तरी तिने त्याला हाकललं नाही.

कुंपण होतं तसंच होतं. दोन वर्षांपूर्वी ती ज्या फटीतून पाहत होती, ती फटही तशीच होती. त्या दिवशी फाटकापाशी कासुजा उभा होता, म्हणून तिने फाटकाकडे नीट पाहिलंच नव्हतं. कुलूप नव्हतं त्याला, कधीच नव्हतं. नुसती सुतळीची कडी होती. दोन वर्षांत कुठल्याही सकाळी तिला ती एका हाताने सोडता आली असती.

तिने ती सोडली, आत गेली, कोंबड्याचे पाय मोकळे केले आणि खाली वाकून मूठभर माती उचलली.