रश्मीची साडेचार मिनिटं

तिसगावच्या स्टँडवर माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. १९९५च्या उन्हाळ्यात भागिरथीमावशी तिथं एक अमेरिकन कॅसेट घेऊन आल्या.

त्यांची रश्मी राहुरीला शेतकी शिकून पुढं अमेरिकेला गेली होती. जयंतीच्या स्टेजवर भीमगीतं गाणारी पोर, तिथल्या विद्यापीठातही गायला लागली. तिथल्याच एका संगीतकाराने दोनशे वर्षांपूर्वीच्या जुन्या धाटणीत नव्या रचना बांधल्या होत्या. त्यांचीच ही कॅसेट: व्हायोलिन, पियानो आणि गाणारे चारपाच जण. पहिल्या बाजूला साडेचार मिनिटं एकटी रश्मी होती. कॅसेट मावशींना पोचली आणि महिन्याभरात रश्मी तिकडं गाडीच्या अपघातात गेली. मावशींच्या घरी टेप नव्हता. शेजारी जाऊन त्यांनी ती कशीबशी दोनदा ऐकली होती. झिजायला नको म्हणून त्यांना एक नक्कल हवी होती.

कंपनीच्या कॅसेटवर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून तिच्या पाठीला एक खाच ठेवलेली असते; ती बुजवली की भरता येतं. आमच्याकडे लोक जुनी भजनं पुसून नवी गाणी भरून न्यायचे. त्यामुळे दुकानात आलेल्या प्रत्येक कॅसेटच्या खाचेत मी आधी कागदाचा बोळा कोंबायचो. हात इतका बसला होता की मावशींच्या कॅसेटलाही कोंबला. मग मूळ कॅसेट भरायच्या खणात घातली आणि कोरी वाजवायच्या खणात. बटण दाबून मी समोर चहाला गेलो. परत आलो तेव्हा दोन्हींवर नुसती खरखर होती.

मशीन बिघडलंय, असं मी मावशींना सांगितलं. दुसरी कॅसेट मागवायला कव्हरवरच्या पत्त्यावर इंग्रजीच्या मास्तरांकडून पत्र लिहून पाठवलं, ते दोन महिन्यांनी तसंच परत आलं. मावशी दर बाजारच्या दिवशी यायच्या, मशीनची चौकशी करायच्या, पाणी पिऊन जायच्या. एकदाही चिडल्या नाहीत. शेवटी मलाच सोसेना. दिवाळीच्या आधी मी सगळं सांगून टाकलं.

वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बाकावर बसल्या. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी हळूच रश्मीच्या गाण्याची चाल धरली. शब्द नव्हते. चारपाच सूर वर चढले आणि अडले. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथंच अडलं.

“मला एवढंच येतंय, भाऊ. तुमी तर लावली हुती ना? हितनं पुढं कसं जातं?”

असलं कसलं गाणं दुकानात वाजवायचं, म्हणून मी आधी आवाज बंद केला होता आणि मगच चहाला गेलो होतो. चालू ठेवला असता, तर वाजतेय ती कोरी हे तेव्हाच कळलं असतं. रश्मीचा एक सूरही मी ऐकला नव्हता.