आठ मिलिलिटर हवा

मोठ्या डॉक्टरांना बोलतं करणं माझ्या हातात होतं आणि कितीतरी आठवडे मी ते केलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला गरीब गाय समजायला नको.

माझं काम घरोघरी श्वासाची यंत्रं लावायचं. यंत्र केवढं, तर जाडजूड शब्दकोशाएवढं. वर धरायला मूठ, मागे बॅटरी, पुढे एक लांब नळी. त्या नळीच्या टोकाला मास्क लावला की नाकातोंडातून हवा जाते, कापाकापी काही नाही. मास्कने भागेनासं झालं की गळ्याला छेद देऊन तिथे छोटी नळी बसवतात आणि तेच यंत्र तिथून हवा भरतं. कंपनी मला पत्ता देते, मी जाते, आकडे लावते, घरच्यांना शिकवते आणि दर मंगळवारी तपासायला येते. लोक मला ताई म्हणतात. त्याआधी तीन-चार वर्षं मला 'मास्कवाली' म्हणायचे, आणि ते कौतुकाने नव्हे.

एकोणीस वर्षांपूर्वी मी हॉस्पिटलात टेक्निशियन होते आणि मोठे डॉक्टर आमच्या वॉर्डचे प्रमुख होते. शिवणकाम करणारी एक बाई मास्कवर होती. त्या मास्कला पुढे बारीक भोकं असतात. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर पडतो, कारण नळी एकच आणि तिच्यातून हवा सारखी आतच येत असते. बाईंच्या डोळ्यांवर भोकांतली हवा लागायची, म्हणून त्या कुरकुरत होत्या. मी दुसऱ्या वॉर्डात गेले असताना मोठे डॉक्टर राउंडला आले, त्यांनी कपाटातून बिनभोकांचा मास्क काढला आणि स्वतःच्या हाताने चढवला. सगळ्यांना म्हणाले, "बघा, कशी गप्प झाली." दोन तासांनी मी परत आले तेव्हा बाई गाढ झोपल्यासारख्या दिसत होत्या. ती झोप नव्हती. आपलाच वापरलेला श्वास पुन्हा पुन्हा ओढून त्यांची शुद्ध गेली होती. मी मास्क बदलला, धावाधाव केली, पण त्या संध्याकाळी गेल्या.

चौकशीत टेबलापलीकडे सहा माणसं बसली होती. मोठ्या डॉक्टरांचा आवाज असा, की त्यांनी वेळ सांगितली तरी ऐकणारा आपलं घड्याळ नीट करून घेई. त्या आवाजात ते म्हणाले, "मास्क टेक्निशियनने बदलला. मी तिला विचारलं, ती म्हणाली ठीक आहे." सगळं पाहिलेली नर्स जमिनीकडे बघत बसली. खापर माझ्या डोक्यावर फुटलं आणि नोकरी गेली. ते एक वेळ पचवलं असतं. पण त्या बाईंचा मुलगा मला बाजारात दिसायचा, आणि दर वेळी जवळ येऊन हळूच एवढंच विचारायचा, "झोप लागते का तुम्हाला?" मी कोथिंबीर घ्यायचीही सोडली.

मग गेल्या वर्षी कंपनीच्या कागदावर मोठ्या डॉक्टरांचं नाव आलं. स्नायू हळूहळू निकामी होण्याचा आजार. मी नाही म्हणू शकले असते. मी मुद्दाम इस्त्रीचे कपडे घालून गेले.

त्यांनी मला ओळखलं हे त्यांच्या तोंडावरून कळलं नाही, यंत्राच्या पडद्यावरून कळलं. मिनिटाला अठरा असलेला श्वास एकतीसवर गेला. मी मास्क त्यांच्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "भोकं आहेत, सर. मोजून घ्या." त्यांची बायको हसली. तिला वाटलं, ताई गमतीशीर आहेत.

आठ महिन्यांनी मास्क पुरेना. गळ्यातून नळी आली आणि त्यांचा आवाज गेला. तो कसा जातो ते सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. त्या नळीभोवती आत एक छोटा फुगा असतो. सिरिंजने त्यात आठ मिलिलिटर हवा भरली, की फुगा बाजूची सगळी जागा अडवतो आणि यंत्राची हवा सरळ फुप्फुसात जाते. वर स्वरयंत्राकडे काहीच जात नाही, म्हणून माणूस मुका. पण तब्येत स्थिर झाली आणि गिळणं नीट असलं, की दिवसा जागेपणी ती हवा काढून घेता येते. वर थोडी गळती होणार हे धरून यंत्राचे आकडे वाढवायचे. गळलेली हवा घशातून जाते आणि त्या हवेवर माणूस बोलतो. एका श्वासाला तीन-चार शब्द, पण आपल्या आवाजात.

छातीचे डॉक्टर मला म्हणाले होते, "चार आठवड्यांनी बघा. गिळणं ठीक वाटलं तर सुरू करा, तुम्हाला सांगायला नको." चार आठवड्यांनी मी मोठ्या डॉक्टरांना रंगीत पाणी गिळायला दिलं. नळीतून ओढून पाहिलं, रंगाचा थेंबही आत उतरला नव्हता. माणूस बोलायला तयार होता. दारात बायको उभी होती. तिने विचारलं, "ताई, बोलतील का हो हे कधी?"

"अजून नाही," मी म्हणाले. "बघू."

ती पाणी आणायला गेली तेव्हा मी खुर्ची त्यांच्या उशाशी ओढली. "सर, तुम्ही बोलू शकता. आत्ता. माझ्या पिशवीत सिरिंज आहे. पण तुमचे पहिले शब्द मला हवे ते निघाले पाहिजेत. मास्क कुणी बदलला ते सांगायचं. बायकोसमोर, मुलीसमोर, आणि अक्षरांच्या तक्त्यावर नाही, तोंडाने. त्याच आवाजात. कबूल असेल तर एकदा डोळे मिटा."

त्यांनी दोनदा मिटले. नाही.

"मग बसा," मी म्हणाले. वास्तविक ते आडवेच होते.

माझी तक्रार ते बायकोकडे करू शकले असते. तक्ता होताच की. ती एकेका अक्षरावर बोट ठेवायची, हवं ते आलं की हे डोळे मिटायचे. 'उशी', 'पंखा', 'दिवा' एवढं त्यावर चालायचं. पण 'ताईंनी आवाज अडवलाय' असं सांगितलं असतं, तर बायकोने 'का' विचारलं असतं. त्या 'का'चं उत्तर त्यांना जड होतं. त्यांनी माझं पाप झाकलं, कारण त्याखाली त्यांचं होतं.

असे मंगळवार जात राहिले. मी यायची, नळ्यांतलं पाणी काढायची, बॅटरी बघायची, फुग्यातला दाब मोजायची, खुर्ची उशाशी ओढायची. "काय सर, आज?" दोनदा मिटलेले डोळे. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. अंगात ताप भरावा तशी ती मजा भरायची आणि बुधवार-गुरुवारपर्यंत पुरायची. बायको त्यांच्याशी दिवसभर बोलायची, नळ गळतोय, शेजारी भांडले, आणि मग त्यांच्या वतीने जाड आवाज काढून स्वतःच उत्तर द्यायची. एकदा तशी उत्तर देतादेता ती थांबली आणि मला म्हणाली, "ताई, यांचा आवाज नेमका कसा होता ते विसरायला झालंय." तरी मी सिरिंज काढली नाही. मला तो आवाज चांगला आठवत होता.

अकराव्या आठवड्यात मुलगी आली. दातांची डॉक्टर, लांब राहते, वर्षातून एकदा आठ दिवस येते. सकाळपासून बापाचा हात धरून बसली होती. मी आले तशी हात धुवायला आत गेली, आणि मी नेहमीसारखी खुर्ची ओढली. काही विचारायच्या आधीच मोठ्या डॉक्टरांनी डोळे मिटले. एकदा. मी डोळे दुसऱ्यांदा मिटायची वाट पाहिली. ते मिटले नाहीत.

मी दोघींना खोलीत बोलावलं. "आज सरांना बोलतं करू या," म्हणाले, जणू आज सकाळीच सुचलं होतं. बायकोने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

मी त्यांची लाळ ओढून घेतली, आधी तोंडातली, मग नळीतली. यंत्राचा श्वास थोडा मोठा केला, गळतीसाठी अलार्मचे आकडे बदलले. मग फुग्याच्या बारीक नळीला सिरिंज लावून हवा हळूहळू काढली, आठ मिलिलिटर. त्यांच्या घशात काहीतरी खळखळलं. डोळे विस्फारले. "घाबरू नका सर, हवा वर येतेय," मी म्हणाले. "यंत्र भरेल तेव्हा बोला."

पहिल्या दोन श्वासांत नुसती घरघर आली. तिसऱ्यात ते म्हणाले, "चिमे."

मुलगी चाळिशीची, दोन पोरांची आई. ती त्यांच्या छातीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. बायको रडली नाही. कान पुढे करून ती नुसती ऐकत उभी राहिली, पुढचा शब्द अजून आलाच नव्हता तरी.

ते इथेच थांबू शकले असते. मी काय करणार होते, मुलीसमोर पुन्हा फुगा भरणार होते? पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, यंत्राच्या पुढच्या श्वासाची वाट पाहिली आणि सुरुवात केली.

"एक सांगायचंय... ती शिवणकाम करणारी बाई... गेली होती ना." श्वास. "मास्क मी बदलला होता." श्वास. "हिच्यावर ढकललं... हिची काही चूक नव्हती."

बायकोने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी आत्ताच भिंतीतून बाहेर आले. "म्हणजे त्या तुम्ही?" ती म्हणाली. "अहो, वर्षभर तुम्ही माझ्या घरात येताय आणि... आणि यांची एवढी सेवा केलीत?"

ज्या क्षणासाठी मी एकोणीस वर्षं दात-ओठ खाल्ले तो हा क्षण. आवाज तोच होता, थोडा चिरलेला, पण तोच. मला मोठ्याने हसावंसं वाटत होतं, त्या मुलाला बाजारातून ओढत आणून इथे उभं करावंसं वाटत होतं.

मुलीने डोळे पुसले. ती बराच वेळ यंत्राकडे बघत होती, आणि आता तिच्यातली डॉक्टर जागी झाली होती. शांतपणे तिने विचारलं, "ताई, हे किती सोपं आहे हो. आधी का नाही केलं? बाबा किती दिवसांपासून बोलू शकले असते?"

"मी तर दर मंगळवारी विचारत होते," बायको म्हणाली.

माझ्याकडे खरं उत्तर तयार होतं. सात आठवडे. आणि का, तेही मी सांगू शकले असते. सगळं जग त्या मिनिटाला माझ्या बाजूने होतं, कदाचित त्यांनी समजूनही घेतलं असतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "गिळणं नीट नव्हतं त्यांचं. पाणी आत उतरत होतं. आज कुठे जमलं."

अडखळले नाही, पापणी हलली नाही. वर ते तपासता येईल असंही काही नव्हतं. रंगीत पाण्याच्या चाचणीत काय निघालं ते दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि त्यांना. आणि त्यांच्या घशात आता हवा होती.

मुलगी बापाकडे वळली. "हो का, बाबा? ठसका लागायचा?"

यंत्राने एक श्वास भरला, तो त्यांनी वाया जाऊ दिला. दुसराही. काय बोलतील ते मला दिसत होतं. मीही त्यांच्या जागी तेच बोलले असते, एकेक अक्षर चावून बोलले असते.

"हो," ते म्हणाले. "फार ठसका लागायचा... तिने घाई केली नाही... बरं केलं."

मुलीचा चेहरा सैल झाला. दोघी मायलेकी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या. एवढ्या महिन्यांत त्या घरात मी भांड्यांचा असा आनंदी आवाज ऐकला नव्हता. मी आकडे पुन्हा तपासले, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

"उपकार करू नका माझ्यावर," मी हळू आवाजात म्हणाले. "मला नकोत तुमचे उपकार." त्या वेळी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा चौकशीच्या दिवशीही आला नव्हता.

त्यांनी मान हलवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. यंत्राची वाट पाहिली.

"उपकार नाहीत," ते म्हणाले. "मला दाखवायचं होतं... तुला." श्वास. "त्या दिवशी मीही... ठरवून आलो नव्हतो." श्वास. "कुणीतरी विचारलं... आणि असंच निघालं तोंडातून."

सिरिंज माझ्या हातात होती. आठ मिलिलिटर, दोन सेकंदांचं काम, आणि तो आवाज बंद झाला असता. मी ती ट्रेमध्ये ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत माफी नव्हती, डिवचणंही नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर कुणी येऊन बसलं तर आपण सरकून जागा देतो, तेवढंच होतं. मला ती जागा नको होती. एकोणीस वर्षं मी या माणसापेक्षा चांगली आहे, एवढ्यावर जगले होते. दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

ठरवलं, की बायको आली की सांगून टाकायचं. सात आठवडे मी तुमच्या नवऱ्याचं तोंड बंद ठेवलं, सरळ एवढंच.

बायको चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देताना तिने तो हात दोन्ही हातांत धरला. "ताई," ती म्हणाली, "यांनी तुमचं एवढं वाटोळं केलं, आणि तुम्ही यांना आवाज दिलात. तुमच्यासारखी माणसं नाही हो मिळत."

मोठे डॉक्टर ऐकत होते. यंत्र श्वास भरत होतं.

"अहो, त्यात काय," मी म्हणाले. "कामच आहे माझं."