होडीचा मधला तुकडा

मित्रांनो, मी अख्खी होडी नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी होडीचा फक्त मधला तुकडा आहे. नारिंगी रंगाचा, आता उन्हाने फिका पडलेला. माझ्या पोटात एक बैठक आहे. माझ्या पुढे चोचीचा तुकडा जोडला आणि मागे सुकाणूचा, की झाली कयाक तयार. कयाक म्हणजे अरुंद, हलकी होडी. सुकाणूच्या तुकड्यात दुसरी बैठक आहे आणि तिच्यापाशी पायडल आहेत. सायकलीसारखे पाय हलवायचे, हात मोकळे ठेवायचे आणि मोकळ्या हातांनी गळ टाकून बसायचे.

आम्ही तिघे एकाच कारखान्यात जन्मलो. प्लॅस्टिकची पूड साच्यात भरून साचा भट्टीत गरागरा फिरवला आणि गार झाल्यावर आम्हाला बाहेर ओढले. त्याच दिवशी मला एक गोष्ट कळली. चोच आणि सुकाणू माझ्याशिवायही एकमेकांना जोडता येतात. एकट्या माणसाला जायचे असेल तर ते दोघे पुरतात. घरी राहायची वेळ आली तर ती माझ्यावरच येणार. तेव्हापासून मी त्या दोघांवर जळतो. ते मी कधी लपवलेले नाही.

आम्ही राहुरी तालुक्यात, मुळा धरणाकाठच्या एका गावात आलो. तिथे मच्छिंद्र यांची पिठाची गिरणी आहे. त्यांना लहानपणापासून गळाने मासे धरण्याचा नाद. त्यांची मुलगी संस्कृती पुण्याला नोकरी करते. वडिलांसाठी कयाक घ्यायची म्हणून ती दुकानात आली, तेव्हा दुकानदार दोनच तुकडे बांधत होता. "आईसाठी मधलाही द्या," ती म्हणाली. त्या एका वाक्यावर माझे आयुष्य उभे आहे.

आई म्हणजे चांगुणाबाई. त्यांचे माहेर पाथर्डीकडचे. पहिल्या दिवशी तरंगते जॅकेट घालून त्या माझ्यात बसल्या, पण माझ्या दोन्ही कडा त्यांनी सोडल्याच नाहीत. मागच्या बैठकीवरून मच्छिंद्र पायडल मारत होते.

"अगं, हात तरी सोड. कुठं पळून चाललीय व्हय होडी?"

"तुमी गप चालवा. मला बघू द्या."

आणि त्या नुसते पाणी बघत राहिल्या. कड्याकपारीपर्यंत गेलेले निळे पाणी. मला वाटले, या बाई भ्याल्या आहेत. पण परत आल्यावर उतरायला त्यांनीच उशीर केला.

पुढे एकदा मच्छिंद्र यांनी गंमत म्हणून त्यांच्या हाती गळ दिला. त्यांनी पेंडेचा गोळा लावला, दोरी सोडली आणि स्वस्थ बसल्या. दोरी थरथरली तरी ओढली नाही. चांगली ताणली, तेव्हाच हिसका दिला. वर आला तो पसरट डोक्याचा, जाडजूड कटला. माझ्या पोटात त्याने असे शेपूट आपटले, की चोचीपासून सुकाणूपर्यंत सगळी होडी हादरली. त्या दिवशी मच्छिंद्र यांच्या गळाला काहीच लागले नव्हते.

काठावर शमशेरभाई यांची मासे तळण्याची टपरी आहे. त्यांनी कटला पाहिला आणि झारा खाली ठेवला.

"वहिनी, तुमी धरला? वा! एवढी वर्सं ह्यो गडी काठावर बसतोय, पर असला कटला कदी आनला न्हाई." त्यांनी मोबाईलवर फोटो काढला. फोटोत चांगुणाबाई होत्या, कटला होता आणि त्यांच्याखाली मी होतो. चोच अर्धी कापली गेली होती. मित्रांनो, मला किती गोड वाटले म्हणून सांगू! मच्छिंद्र हसले, पण ओठांनीच हसले.

पुढेही तसेच होऊ लागले. कधी रोहू, कधी मरळ, पण लागायचे ते पुढच्या बैठकीवरच्या गळाला. "मी पायडल मारतो म्हनून माजी दोरी हलती," मच्छिंद्र म्हणायचे. गिरणीवर दळण घेऊन येणारे लोक विचारायचे, "आज वहिनींनी काय धरलं?" असे कुणी विचारले, की गिरणीचा आवाज उगाच मोठा व्हायचा.

मग एका सकाळी त्यांनी मला चोच-सुकाणूशी जोडणाऱ्या कड्या सोडल्या.

"आज वारं हाय. एकटाच जातो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वारे नव्हते, तरी ते एकटेच गेले. मी गिरणीच्या मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. अंगावर पिठाचा थर बसू लागला. कुणीतरी माझ्या बैठकीत रिकामी पोती कोंबली. संध्याकाळी चोच आणि सुकाणू ओले होऊन परत यायचे. त्यांना शेवाळाचा वास यायचा. त्यांच्या अंगावरून पाणी ठिबकताना पाहिले, की मी आतून जळायचो. चांगुणाबाई दारात उभ्या राहायच्या. ओल्या होडीवर त्यांचीही नजर माझ्यासारखीच खिळायची.

मच्छिंद्र रोज रिकाम्या हाताने यायचे. एकदा मात्र मोठा रोहू घेऊन आले.

"बघ. एकट्यानं धरला," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

चांगुणाबाईंनी मासा उचलला, कल्ल्यात बोट घातले आणि तशाच उभ्या राहिल्या.

"अहो," त्या शांतपणे म्हणाल्या, "धरनात बर्फ कदीपासून पडाया लागला?"

मच्छिंद्र वळलेच नाहीत. नळ वाहत राहिला.

"शमशेरभाईंच्या बर्फाच्या पेटीतला हाय ह्यो. मला मासा नकोच हुता. पाथर्डीला मी टँकरमागं हंडा घेऊन पळाले. माज्या आयुष्यात पयल्यांदा पान्यावर बसायला मिळालं. मासा लागला तर त्यात माजं काय चुकलं? तुमाला माजा कटला सलत हुता, तर तसं म्हनायचं. वाऱ्याचं नाव कशाला घेता?"

त्या रात्री त्या रोहूचे कालवण झाले नाही. तो शेजाऱ्यांकडे गेला.

सकाळी मच्छिंद्र यांनी माझ्यातली पोती काढली, ओल्या फडक्याने पीठ पुसले आणि मला पिकअपमध्ये ठेवले. मला वाटले, आता पाण्यात. काठावर पोचल्यावर ते कड्या जोडू लागले, तेव्हा चांगुणाबाई जॅकेट बांधत म्हणाल्या, "आज दोनच तुकडे. मी एकटी जानार."

"तुला पायडल मारता येतंय का?"

"तुमी मारता तसंच मारीन."

काठाकाठाने जायचे, एवढे कबूल करून त्या गेल्या. होडी आधी वाकडी फिरली, एकदा गोल फिरली, मग सरळ झाली. मी चिखलात राहिलो. मच्छिंद्र इकडेतिकडे पाहून शेवटी माझ्यातच बसले. ते वजनदार गृहस्थ आहेत. मी चिखलात बराच रुतलो. आम्ही दोघे त्या नारिंगी होडीकडे डोळे लावून होतो.

शमशेरभाई चहा घेऊन आले. "काय रं, जळतंय का?"

मच्छिंद्र यांनी चहाचा घोट घेतला. "जळतंय. लई जळतंय. आता तिथं तिला मासा लागंल आनि मी हितं चिखलात."

"मग लागू दे की. रातच्याला खानार कोन हाय?"

उन्हे चढली. होडी परत आली तेव्हा मच्छिंद्र गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. होडीत मासा नव्हता. गळाची पेंड तशीच कोरडी होती.

"काय झालं? लागला न्हाई?" त्यांनी विचारले.

चांगुणाबाईंचे तोंड उन्हाने लाल झाले होते आणि त्या हसत होत्या. "गळ टाकलाच न्हाई. नुसती फिरले. लई मजा आली बगा."

मच्छिंद्र त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला चिखलातून उपसले, धुतले आणि दोघांच्या मधे बसवून कड्या लावल्या. कटकन आवाज झाला. चांगुणाबाई सुकाणू सोडायला तयार नव्हत्या, म्हणून माझ्या बैठकीत ते स्वतः बसले.

त्या दिवशी मच्छिंद्र यांना हाताएवढी एक चिलापी मासळी मिळाली. थोड्या वेळाने मागून चांगुणाबाईंची दोरी ताणली. पायडल मारता मारता त्यांना रोहू लागला होता, चांगला मोठा. मच्छिंद्र यांचा जबडा आवळला गेला. तो मला बैठकीपर्यंत जाणवला. पण त्यांनी मागे वळून दांड्याची जाळी पाण्यात घातली आणि मासा वर येईपर्यंत ती हलू दिली नाही.

मित्रांनो, माझा मत्सर संपला असे मी म्हणणार नाही. चोच आजही माझ्यापुढेच असते. पण पाण्यात असलो म्हणजे तो जरा गार राहतो. तुमच्या घरी असा एखादा तुकडा भिंतीला टेकून उभा असेल, तर त्याच्यात पोती कोंबू नका. तो पुसा, त्याच्या कड्यांना तेल द्या आणि त्यात बसायची कुणाची इच्छा राहून गेली आहे, हे घरात एकदा विचारा.