वर राहिलेले चौघे

आमच्या देवबागात दोन हात खणलं की पाणी लागतं. आणि माझ्या घोवानं जमिनीखाली सात मजली गाव वसवलं! कॉम्प्युटरवरच्या खेळात, आणखी कुठे? दिरानं मुंबईहून आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला, "दादाचो जीव रमात" म्हणून. रमला तो रमलाच. माझा मात्र आंबून गेला.

रापण म्हणजे होडीनं पाण्यात सोडून सगळ्यांनी वाळूतून दोरीनं ओढायचं मोठं जाळं. पावसाआधी रापणीची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. गंगाराम गेला, हे पोहत आले. दोघं पोरवयापासून एका होडीतले. तेव्हापासून हे किनाऱ्यावर उतरले नाहीत. लोडशेडिंगमध्ये लाइट गेली की तेवढा वेळ ओसरीवर बसायचे, तेही समुद्राकडे पाठ करून. रापणकारांची रीत अशी की माणूस दुखण्यात असला तर त्याचा वाटा घरपोच येतो. येत होता. मी तो रांधत होते, बाजारात मासळी विकत होते, आणि आतल्या खोलीत खटखट चालू होती.

काल रापणीचा म्होरक्या महादू मला वाटेत भेटला.

"वैनी, गुणाजी फाल्या सकाळी दोरयेक हात लावूक येवक व्हयो. होडयेत नको, वाळूत उभो रव्हलो तरी चलात. नायतर तेची जागा दुसऱ्याक देवची लागतली. माणसा बोलतत."

बरोबरच होतं त्याचं. मी कुठल्या तोंडानं बोलणार?

घरी येऊन पाटी टेकवली आणि सगळं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मानसुद्धा वळली नाही.

"मगे? जातास मा?"

"थांब गो जरा. राक्षस इले."

मीही बसले. पाय दुखत होते, दुसरं काय. पडद्यावर मुंगीएवढे बुटके. खाली अळंबीची शेतं, झोपायच्या खोल्या. वर लाकूडतोडे, धक्का, मासे धरणारे. किती वर ठेवायचे नि किती खाली, सगळा खेळ म्हणे त्या वाटणीत. सगळे वर ठेवले तर राक्षस मारतात. सगळे खाली नेले तर लाकूड नाही, मासे नाहीत, आणि फार दिवस खाली राहिलेला बुटका उन्हात आला की ओकतो.

"मगे तुमी सगळ्यांका खाली कित्याक घालतास?"

"खाली कोण मरना नाय."

हे म्हणताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला रडू आलं. रागही आला. मेलं, दोन्ही एकाच वेळी.

राक्षस जवळ आले. धक्क्यावरचे चौघे टोपल्या घेऊन दरवाजाकडे धावत होते.

"ते कोण?"

"मासे हाडणारे."

"खालची माणसा त्येंच्याच जीवार खातत मा?"

"काय करू गो? दरवाजो उघडो ठेवलो तर सगळे मरतले."

आणि लावला दरवाजा. चौघे भिंतीशी तसेच उभे राहिले. पुढचं मी बघितलं नाही, उठून भात टाकला.

सकाळी साडी खोचली आणि रापणीवर गेले. महादू माझ्यामागे बघत राहिला.

"ते येवचे नाय," मी म्हटलं. "मी इलंय. त्येंची जागा खंयची, दाखव."

आमच्याकडे बायका दोरीला हात लावतात, त्याचं नवल नाही. पण पुरुषाच्या जागेवर उभी राहिले म्हणून दोघंतिघं हसले. हसोत बापडे. महादू हसला नाही, त्यानं सरकून जागा दिली. दोरीनं तळहात सोलून निघाले. वाळूत वाटे पडले तेव्हा त्यानं सवयीनं हाक दिली, "गुणाजी!"

"सत्यवती म्हण," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक दिली.

घरी आले, तर आतून आवाज, "वाटो इलो?"

"इलो."

"महादू काय बोललो? माझी जागा रव्हली मा?"

हात खारानं चरचरत होते. खोटं बोलायचंही त्राण नव्हतं.

"तुमची गेली," मी म्हटलं. "थंय आता मी आसंय."

आतली खटखट थांबली. बाहेर येतील म्हणून मी थोडा वेळ दाराकडे बघितलं, मग बांगडे साफ करायला बसले.