पंजाची सायकल

विलास ड्यूटी संपवून केजहून युसूफ वडगावला घरी आला, तेव्हा गहिनीनाथ नाना आधीच येऊन पत्र्याच्या सावलीत बसले होते. विलासच्या बायकोनं, मायानं, त्यांना चहा दिला होता. समोर सायकल उभी होती आणि नाना तिच्याकडं नुसते बघत होते, हात न लावता.

विलास एसटीत कंडक्टर. उन्हाळा, लगीनसराई, खचाखच भरलेली गाडी. दिवसभर उभं राहून त्याचे गुडघे सुजले होते. त्याला खरं तर आडवं व्हायचं होतं. पण नाना कड्याहून आले होते, जिल्ह्याच्या त्या टोकाकडून, दोन गाड्या बदलून. ते तिथल्या साखर कारखान्यात इंजिनीयर होते, आणि निवृत्तीनंतर त्यांना जुन्या विलायती सायकलींचा नाद लागला होता. घरात दहा-बारा सायकली जमवल्या होत्या. कुणाकडं जुनी सायकल निघाली की ते स्वतःहून बघायला जात.

काम तसं साधं होतं. बुद्ध पौर्णिमेला गावात नव्या विहाराचं उद्घाटन होतं. विहाराच्या दालनात विलासच्या वडिलांची, ज्ञानोबा दादांची सायकल काचेच्या पेटीत ठेवायचं समितीनं ठरवलं होतं. छप्पन साली ज्ञानोबा याच सायकलीवरून नागपूरला दीक्षेला गेले होते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पेटीखाली पाटी लावायची, तर तिच्यावर कंपनीचं नाव आणि साल पाहिजे, असं अध्यक्षांचं म्हणणं होतं. ज्ञानोबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. विचारायचं कुणाला?

"पंजाची सायकल म्हणायचे दादा हिला," विलास खाली बसत म्हणाला. "नाव काय हाय ते कुणालाच ठाऊक न्हाई. हँडलखालचा बिल्ला कवाच पडला."

"बिल्ल्याची गरज न्हाई." नानांनी चष्मा वर केला आणि चेनव्हीलवर बोट ठेवलं. पोलादातच कोरलेला उघडा पंजा तिथं होता. "ही रज कंपनीची. असा पंजा दुसऱ्या कुणाचा नसतो. अस्सल विलायती हाय, विलासराव. नशीबवान हाव तुमी."

विलासला बरं वाटलं. त्यानं मायाला अजून चहा टाकायला सांगितलं.

सरूबाई, विलासची आई, बाजेवर पाय जवळ घेऊन पडली होती. ती झोपलीय असं सगळ्यांना वाटत होतं.

नानांनी पिशवीतून तारेचा ब्रश आणि डिझेलची बाटली काढली. मागच्या चाकाच्या मधोमधचा हब ते घासू लागले. काळी मळी सुटायला लई वेळ लागला. मग त्यांनी चिंधीनं पुसलं, बॅटरी धरली आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. तिथून उठून पुढच्या चाकाकडं गेले. पुढचा हब चांगला जाडजूड होता. त्याच्या आतच दिव्याची वीज तयार व्हायची. तोही त्यांनी घासला. विलास डोळे मिटून भिंतीला टेकला होता.

"विलासराव," नाना म्हणाले, "तुमचे दादा नागपूरला कोणत्या साली गेलते म्हणलात?"

"छप्पन. दुसरं कोणतं आसंल?"

"मग ह्या सायकलीवर न्हाई गेले."

विलासनं डोळे उघडले.

"हे हब करणारी कंपनी हबवर साल ठोकायची," नानांनी बोट दाखवलं. "हे बघा. अठ्ठावन्न."

बॅटरीच्या उजेडात पाच आणि आठ स्पष्ट दिसत होते.

"चाक बदललं आसंल," विलास म्हणाला. "खेडेगावातली सायकल. चाकं काय, सगळंच बदलतंय."

"मलाबी आधी तसंच वाटलं. म्हणून पुढचा हब बघितला. त्याच्यावरबी अठ्ठावन्नच हाय."

"दोन्ही चाकं बदलली आसतील."

नानांनी मान हलवली. ते भांडायला आले नव्हते. "आसू शकतं. पण सीटखाली फ्रेमचा नंबर हाय. माझ्याकडं अशीच पंजाची एक हाय, एकोणसाठला घेतलेली. तिचा नंबर आन् हिचा नंबर सख्ख्या बहिणींसारखे हायत. मी पोलिसात बयान देत न्हाई, पण माझं मन म्हणतंय, ही अठ्ठावन्नच्या आधीची न्हाई. पाटीवर छप्पन घालू नका. कुणी जाणता माणूस आला तर तुमच्याच दादांची शोभा व्हईल."

मायानं चहा आणून ठेवला. कुणी कप उचलला नाही. शेवटच्या जीपची वेळ होत आली तसे नाना उठले. दारात थांबून म्हणाले, "सायकल लई चांगली हाय पण. वापरलेली हाय. पायडलं बघा कशी झिजलीत."

ते गेल्यावर विलासला उद्घाटनाचं बॅनर आठवलं. ते छापूनही आलं होतं. त्यावर सायकलीचा फोटो होता आणि खाली 'केज ते नागपूर' असं मोठ्या अक्षरात होतं.

"अध्यक्षांना काय सांगू आता?" तो म्हणाला.

"काय सांगू नका," माया म्हणाली. "कोण बघायला येतंय हबवर?"

"अन् दादा? ते मग गेले कशावर?"

"गेलेच न्हाईत," बाजेवरून आवाज आला.

दोघांनी वळून बघितलं. सरूबाई उठून बसली होती. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि पाणी मागितलं. माया तांब्या घेऊन तिच्याजवळ बसली.

"परळीच्या ठेसनापातूर गेलते," सरूबाई म्हणाली. "गावातली धा-बारा माणसं. पायी. तिथून रेल्वेनं जाणार व्हते. मी घरी. सोळा-सतरा वर्साची आसंल. दिवस भरले न्हवते, पण पोटात दुखाय लागलं. माजा भाऊ धावत गेला परळीला. गाडी यायच्या आत ह्यांना गाठलं. हे तिथूनच माघारी फिरले."

विलास बाजेजवळ सरकला. घरात तो थोरला होता. सगळ्यांनी त्याला जन्मभर थोरलाच म्हटलं होतं.

"पोरगी झाली. रात काढली तिनं, सकाळी गेली." सरूबाई पाणी प्यायली, तिनं तोंड पुसलं. "नाव ठिवाय बी सवड मिळाली न्हाई."

"माय, हे कधी बोलली न्हाईस तू."

"काय बोलायचं? बाकीची माणसं माघारी आली. आंगात नवं वारं आल्यासारकी. जो भेटंल त्याला तिथलंच सांगायची. बाया मला म्हणायच्या, ह्या बयेपायी त्याचं जाणं हुकलं. पोरगीबी जगली न्हाई आन् जाणंबी गेलं. मी घराबाहेर निघाले न्हाई कितीक दिवस. मग हे एकदा चार माणसांत म्हणाले, कोण म्हणतंय मी गेलो न्हाई? मी मागच्या गाडीनं गेलतो. बाया गप झाल्या. सोबतच्यांना खरं ठाऊक व्हतं. त्यांनी कदी तोंड उघडलं न्हाई. आता त्यातलं कुणी ऱ्हायलं न्हाई."

"आन् सायकल?"

"सायकल लई मागून आली. केजच्या एका सायबाची बदली झाली, त्याच्याकडून घेतली. सायकलीवर नागपूरला गेले हे तूच शाळेत सांगून आलास. मास्तरनं पार गावभर केलं. मी ह्यांना म्हणलं, पोराला खरं सांगा. ते म्हणाले, मोठा झाल्यावर सांगू."

ती पुन्हा आडवी झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुला सांगायचं तर सांग आता त्या लोकांना. मला काय, आज हाय तर उद्या न्हाई."

दुसऱ्या दिवशी विलास रजा टाकून समितीच्या बैठकीला गेला. विहाराच्या ओट्यावर चटया अंथरल्या होत्या, नव्या रंगाचा वास येत होता. त्यानं नानांनी दाखवलेलं साल सांगितलं. सायकल नागपूरची नव्हे, पाटीवर तसं लिहू नका, एवढंच म्हणाला.

"मग ज्ञानोबा नागपूरला गेले कसे?" अध्यक्षांनी विचारलं.

उत्तर विलासच्या ओठांवर आलं होतं. आईचं दुखणं, परळीचं स्टेशन, ती बिननावाची बहीण. ते सांगितलं असतं तर वडिलांच्या बाजूनं सगळी बैठक उभी राहिली असती. पण आईला बोल लावणाऱ्या बायकांच्या सुना-नाती याच गावात नांदत होत्या. त्यांच्यासमोर आईला पुन्हा उभं करायचं त्याच्या जिवावर आलं.

"मला ठाऊक न्हाई," तो म्हणाला. "दादा गेले का न्हाई तेच ठाऊक न्हाई. तेवढं पाटीवर नको."

चटईवर कुजबुज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे एवढी वर्षं फेकतच व्हतं म्हातारं." एकजण हसला. विलासनं मागं वळून बघितलं नाही. त्याचे गुडघे ठणकत होते.

"बॅनर छापलंय, राव," अध्यक्ष वैतागून म्हणाले. "आता पेटीत काय ठिवायचं?"

"सायकलच ठिवा. आजूबाजूच्या खेड्यांत आपल्या बौद्ध पद्धतीनं पहिली लग्नं दादांनी लावली. कुणी बोलवलं की हिच्यावरच जायचे. उन्हात, पावसात, चिखल झाला की खांद्यावर घेऊन. त्याला साक्षीदार हायत. तेच लिहा."

लोकांना ते फारसं पटलं नाही. लग्नं काय, बऱ्याच जणांनी लावली होती. बरीच घासाघीस होऊन शेवटी पेटी रद्द झाली आणि सायकल दालनाच्या कोपऱ्यात, खिडकीखाली ठेवायचं ठरलं. पाटी नंतर बघू, असं अध्यक्ष म्हणाले. बॅनरवरच्या ओळीवर पांढरा कागद चिकटवायचं काम विलासवरच आलं.

तो घरी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. सरूबाई ओसरीवर लसूण सोलत होती. माया त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

"काय म्हणाले?"

"ठेवतायत कोपऱ्यात." विलासनं चपला काढल्या. "दादांना लबाड म्हणाले."

"आन् तुमी?"

"परळीचं काय बोललो न्हाई."

सरूबाईचे हात थांबले. मग सरकून तिनं त्याला बसायला जागा केली. तो बसला. मायानं आतून उशी आणून त्याच्या गुडघ्यांखाली दिली, आणि तिथंच, लसणाच्या टरफलांशेजारी, विलासला झोप लागली.